मागून बांधायचा झगा

३ फेब्रुवारी

आज माझी कंबर कागदाच्या पट्टीनं मोजली. टेप नाही — टेप तेव्हा नव्हती म्हणे! लायोनेलनं तपकिरी कागदाची लांबच लांब पट्टी कापली, माझ्याभोवती फिरवली आणि टोक जिथं भिडलं तिथं कात्रीनं बारीकशी खाच पाडली. छातीला एक खाच, कंबरेला एक, दंडाला एक. वर माझं नाव लिहून पट्टी खुंटीला टांगली. छप्पन्न वर्षं खाल्लेल्या जिलब्या, सगळ्या त्या एका फितीवर.

"आकडे नाहीत तेवढं बरं," मी म्हटलं.

"शिंप्यानं बाईला आकडा सांगायचा नसतो. तेव्हाचे लोक शहाणे होते."

लग्नाला बावीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात हा माणूस तीन आठवडे ऑकेनहॅमच्या हवेलीत जातो आणि तिथल्या हौशी मंडळींबरोबर जुन्या काळाचं सोंग घेऊन पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात राहतो. एरवी कौन्सिलच्या रस्तेखात्यातला निवृत्त मोजणीदार, तिथं लोकरीचा व्यापारी. आमचा प्लंबर कीथ तिथं हवेलीचा कारभारी असतो. साल कायम १५७८. दर वर्षी १५७८च! मी आपली तिकीट काढून, शाळेच्या पोरांच्या घोळक्यातून बघायला जायची. तर हा कमरेत वाकून विचारणार, "बाईसाहेब, आपण परमुलखातल्या दिसता?" स्वतःच्या बायकोला!

यंदा मीही आत जायचं. त्याची बायको म्हणून. कारण जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उजव्या हाताच्या थरथरीला नाव दिलं. आपल्याकडे कंपवात म्हणतात. नाव इकडचं असो की तिकडचं, थरथर तीच. घरी येऊन त्यानं किटली चढवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "या हातांतून अजून एक पोशाख निघेल, वैजू. तुझा. आतल्या सदऱ्यापासून टोपीपर्यंत, सगळा हातानं. जूनअखेर."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तो बिचारा घाबरलाच.

९ फेब्रुवारी

बेरिल थर्लो येऊन गेली. ऑकेनहॅमच्या कपड्यांचं धर्मपीठ म्हणजे ही बाई. सत्तरी उलटली आहे. हिनं पास केल्याशिवाय त्या फाटकातून कुणी आत पाऊल टाकत नाही. शिवण उलटी करून बघते. दिसत्या जागी मशीनचा टाका सापडला की कपडा परत. एका खऱ्याखुऱ्या पाद्रीबाबांना तिनं मोजे चुकले म्हणून घरी पाठवलं होतं — आणि ते तिथं पाद्रीच होणार होते!

"उमरावीण व्हायची हौस नाही ना?" मला नखशिखांत न्याहाळत म्हणाली.

"नवरा व्यापारी आहे. झेपेल तेवढंच."

"मग ऐक, पोरी. मधल्या थरातली बाई तू, ना उमरावीण ना मोलकरीण. झगा एकच, पण चांगला. बाह्या सुट्या, दोन जोड. साध्या बाह्या चढवून जाडं एप्रन बांधलंस की लोणी काढायला बसता आलं पाहिजे. चांगल्या बाह्या, गळ्याला चुणीची पट्टी, वरून गाउन — की निघाली चर्चला. कपडे थोडे, बायका चार!"

"आणि माझ्या रंगाची बाई १५७८ साली सफोकमध्ये काय करतेय, ते?" मीच विचारून टाकलं. कुणीतरी विचारणारच होतं.

बेरिलनं खांदे उडवले. "पोर्तुगीजांच्या जहाजातून लिस्बनला आलीस. हे गाढव तिथं लोकर विकायला गेलं आणि तुला घेऊन आलं. त्यात काय! माणसं तेव्हाही हिंडत होती. मला तुझ्या कातडीचं काही नाही, मला झिपचं आहे. झिप दिसली तर याद राख."

मग दारातून वळून: "आणि लायोनेल, नाडी पाठीला हं! पुढून बांधते ती मोलकरीण — तिला कोण बांधणार? व्यापाऱ्याच्या बायकोला घरात बांधणारं माणूस असतं."

"आहे की," लायोनेल म्हणाला. "मी."

१० फेब्रुवारी

लहानपणी वडिलांनी संस्कृतातलं द्विवचन घोटून घेतलं होतं. एक आहे, अनेक आहेत, मग दोघांसाठी वेगळं कशाला — म्हणून मी रडले होते. काल बेरिल बोलत होती तेव्हा वाटलं, हे कपडे द्विवचनी आहेत. एकट्या माणसाला घालताच येत नाहीत.

२२ फेब्रुवारी

कापड आलं. लोकर; आपल्या मंजिष्ठेची इथं एक चुलतबहीण उगवते, तिच्या मुळांत रंगवलेली. जुन्या विटेचा रंग. मला काळा हवा होता. तर म्हणे, गर्द काळा महाग, तो बड्यांचा. बरं, जांभळं रेशीम? "कायद्यानं गुन्हा." कुणी काय नेसायचं याचा कायदा होता! कोल्हापुरात आत्याबाईंना कायदा लागत नसे, त्या नुसत्या नजरेवर भागवायच्या.

त्याला नऊवारी समजावून सांगितली. एकच वस्त्र, सुई नाही, दोरा नाही. त्यातच स्वयंपाक, त्यातच लग्न. आणि बाई आपली आपण नेसते.

त्यानं कापडाची घडी उलगडली. मग म्हणाला, "आपली आपण?"

"हो."

"हं." आणि कापड पाण्यात बुडवायला उठला. भिजून आटल्याशिवाय कात्री लावायची नाही.

८ मार्च

आतला सदरा झाला. पांढरा लिनन, गुडघ्याच्या खाली. काखेत चौकोनी तुकडा घातलाय, हात वर केला तरी ओढत नाही. टाके लिखांएवढे! (ही उपमा त्याला सांगितली नाही.)

सकाळची गोळी घेतली की जेवणापर्यंत हात शांत असतो. तेवढ्यात शिवतो. मग सुई मेणाच्या गोळ्यात खुपसतो आणि शाळा सुटल्यासारखा उठतो. दुपारचा चहा मी त्याला अर्धाच कप देते, दोनदा. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

गोट तरी मी घालते, म्हटलं.

"नाही."

"बेरिलला कळणार नाही."

"मला कळेल."

कापडाची चिंधीसुद्धा टाकत नाही. उरलंसुरलं सगळं एका पिशवीत, ती पिशवी बेरिलच्या टोपलीत. ऑकेनहॅमची सगळी ठिगळं त्या टोपलीतून येतात.

१९ मार्च

कोल्हापूरच्या ज्या वर्तमानपत्राला मी दर पंधरवड्याला इथलं पत्र लिहून पाठवते, त्याच्या संपादकांचा फोन. पंधरवड्याच्या पत्रात या पोशाखाचं लिहा ना ताई, वाचकांना गंमत वाटेल.

म्हटलं, हवामानाचं लिहिते.

२१ मार्च

झग्याचा घेर उठून दिसावा म्हणून कमरेला एक वळकटी बांधायची असते. गोल, लोकर भरलेली. अहो, ही तर चुंबळ! आमच्याकडे ती डोक्यावर घेतात आणि वर घागर. मी ती डोक्यावर ठेवली, वर किटली ठेवली आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. नेमका कीथ गळका नळ बघायला आलेला, दारात उभा.

"लायोनेल," तो म्हणाला, "तुझ्या बायकोनं ढुंगणाची उशी डोक्याला लावलीय."

"पोर्तुगीज पद्धत," लायोनेल. सुईवरून नजर न उचलता.

फार हसलो. तो हसत असतो तेव्हा हात थरथरतोय की हसण्यानं हलतोय ते कळत नाही. म्हणून त्याला हसवायचं.

३० मार्च

आज गोळीनं दगा दिला. सकाळभर बाहीच्या एकाच शिवणीवर. जेवायच्या वेळेला ती पूर्ण उसवली आणि दोरा गुंडाळून ठेवला. कात्री आदळली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

बटाट्याचा रस्सा केला, त्याला आवडतो तसा, लसूण जास्त घालून. "तिखट कमी आहे," म्हणाला. चला, जिवंत आहे.

१४ एप्रिल

पाठीची भोकं चालू आहेत, नाडी ओवायची. भोक कापायचं नसतं. टोच्यानं धागे बाजूला सारून वाट करायची आणि कडेनं गोल टाके घालायचे. धागा तुटला की भोक फाटत जातं, नुसता सारला तर नातवंडांपर्यंत टिकतं.

"माणसांशीही असंच वागावं," मी म्हटलं.

"बायकोशी विशेष," तो म्हणाला.

मला बघू देत नाही. शिवणकामाचा पुतळा बैठकीत, पाठ खोलीकडे, वर चादर. सकाळी मी शेजारच्या खोलीत लिहीत बसते. टोच्याचा आवाज येत नाही, पण अवघड भोकाला तो श्वास धरतो ते ऐकू येतं. मीही धरते.

२६ एप्रिल

"भोकं झाली?" म्हटलं. "होतील," म्हणाला. पण शीळ घालत होता.

२ मे

पुतळा भिंतीला पाठ लावून उभा. चादर नाही. विचारलं तर म्हणे, "पाठीला वारं लागत होतं तिच्या."

धड जेवला नाही.

३ मे

न्याहारीला पाव पुढ्यात, आणि तो पावाकडेच बघत म्हणाला, "चुकलो, वैजू. भोकं वाकडी गेली. अख्खी रांग. ते कापड गेलं. आता पाठ बंद करतो आणि नाडी पुढून घेतो. पुढचं डोळ्यांसमोर असतं, जमून जाईल."

जीभ आपली रोजच्या वाटेनं गेली. "म्हणजे मला मोलकरीण केलंस."

"बावीस वर्षं होतीसच." हसला. पण एरवी असं काही बोलला की माझा हात धरतो. आज दोन्ही हात मांडीवर, टेबलाखाली.

नव्या पुढ्याला गाउनच्या बाह्यांचं कापड लागलं. गाउन बिनबाह्यांचा होणार. होऊ दे.

१७ मे

पुढची भोकं झाली. बघितली. थोडी वाकडीतिकडी, पण घट्ट. तोंड भरून कौतुक केलं. "उगाच खोटं बोलू नकोस," म्हणाला. नव्हते बोलत.

७ जून

बेरिलच्या अंगणात तपासणी. गवतावर चादरी, चादरींवर आमची अब्रू. सदरा उलटा केला — पास. बाह्या, दोन्ही जोड — पास. मोजे, टोपी, चुणीची पट्टी. "पट्टीला खळ कमी आहे, उन्हात मान टाकेल. पण पास." शेवटी झगा. पुढून नाडी.

कीथ ओरडलाच, "अरे लायोनेल! बायकोला दासी केलंस की राव!"

आजूबाजूचे सगळे बेरिलकडे बघायला लागले. मागच्या वर्षी एका बाईला एवढ्यावरूनच परत पाठवलं होतं तिनं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. माझ्यासाठी नाही. त्याच्या चार महिन्यांसाठी.

बेरिलनं भोकांवरून अंगठा फिरवला. "चालेल."

"तूच तर म्हणालीस, मोलकरीण —" कीथ.

"म्हणाले तेव्हा म्हणाले. तू तुझ्या चड्डीचं बघ, कीथ, तिच्या आत इलॅस्टिक आहे ते मला इथून दिसतंय."

मग माझ्या अंगातल्या ब्लाउजचा गळा नीट करत उभी राहिली. गळा नीटच होता.

१९ जून

बोलण्याची तालीम. व्यापाऱ्याची बायको चारचौघांत नवऱ्याला तू म्हणत नाही, आदरानं बोलते. बावीस वर्षं मी याला 'अरे लायोनेल' म्हणतेय. आता 'अहो' म्हणायचं! आईनं जन्मभर म्हटलं, मी शपथ घेतली होती म्हणणार नाही म्हणून, आणि शेवटी म्हणायला आले कुठं, तर सफोकमध्ये.

"अहो, ऐकलंत का?" म्हटलं.

कान लाल झाले त्याचे. "पुन्हा म्हण."

"एकदाच मिळतं."

२८ जून

टोपीचा शेवटचा टाका घातला. दोरा तोडला. सुई मेणात खुपसली, बोटातलं अंगुस्तान काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"झालं," म्हणाला.

जूनअखेर म्हणाला होता. शब्दाचा पक्का. मी अंगुस्तान घालून पाहिलं, सैल होतं.

४ जुलै

१५७८ साल सुरू झालं.

सदरा, मोजे, चुंबळ, झगा. नाडी खालून वर ओवली, ओढली, गाठ मारली. दोन मिनिटांत तयार, कुणाला हाक मारावी लागली नाही. तो दारात उभा राहून बघत होता. "झालं पण?"

"मोलकरीण ना मी."

इतका समाधानानं बघत होता! वाटलं, आपल्या शिवणकामाकडेच बघतोय.

त्याचं मात्र अवघड. त्याची विजार कमरेभोवती अंगरख्याला बांधायची असते, चहूबाजूंनी दोऱ्यांच्या जोड्या, टोकाला पितळी टोपणं. पाठच्या गाठी दर वर्षी कीथ मारायचा. यंदा माझ्याकडे आला. "मागच्या तेवढ्या." मग म्हणाला, बाजूच्याही. मग नुसता हात वर करून उभा राहिला. मी गाठी मारत मारत त्याच्याभोवती फिरत गेले. आमचं रजिस्टर लग्न, फेरे घ्यायचे राहिलेच होते.

"घट्ट नको," म्हणाला. "जेवण व्हायचंय."

दुपारी शाळेची पोरं. एक चुणचुणीत पोरगी माझ्यापुढे येऊन, "तू कुठली गं?"

"सडबरीची. माझे यजमान तिथं लोकरीचा व्यापार करतात."

"नाही, पण खरी कुठली?"

कीथ मागून गेला चाव्या वाजवत. "खरी म्हणजे? सडबरी काय खोटी आहे?"

पोरगी विचारात पडली. मग तिनं विचारलं, लोणी चाखायला मिळेल का. दिलं. वाद मिटला.

८ जुलै

आज त्याला रांजणातून पेला भरता येईना. पाहुणे बघत होते. मी पुढं होऊन म्हटलं, "अहो, बायको असताना स्वतः वाढून घेता?" लोक हसले. त्याला वाटलं असेल मी नाटक करतेय. थोडंसं करत होतेही.

१२ जुलै

चुलीपाशी बाहीचं कोपर जळलं. ठिगळाला चिंधी हवी म्हणून बेरिलच्या टोपलीत हात घातला. दोन लांब पट्ट्या हाताला लागल्या. जुन्या विटेचा रंग. माझाच रंग. दोन्हींवर भोकांच्या रांगा — सरळ! ताणलेल्या दोरीसारख्या सरळ. एक धागा तुटलेला नाही. वाकडी गेली म्हणे!

बेरिल लोण्याचे हात पुसत आली. बघितलं तिनं माझ्या हातात काय आहे ते.

"मेमध्ये देऊन गेला," म्हणाली. "सगळी भोकं झाल्यावर पुतळ्याला नाडी बांधून बघितली त्यानं. सकाळभर झटला. बांधता येईना. म्हणाला, उद्या ती अर्धी नेसून माझी वाट बघत उभी राहील, ते नको. मी म्हटलं, पुढून कर, मी करते पास."

आणि स्वतः मात्र चारी बाजूंनी माझ्याकडून बांधून घेतोय!

संध्याकाळी तो कीथबरोबर घोड्यांकडे गेला तेव्हा बसले. पुढची भोकं टाके घालून बंद केली. पाठ उसवली, त्या दोन पट्ट्या होत्या तिथं बसवल्या. माझे टाके वाकडे आहेत. बेरिल काय म्हणेल ते म्हणो.

उद्या सकाळी त्याच्याकडे पाठ करून उभी राहणार आहे. लागेल तेवढा वेळ लागू दे. १५७८ साल कुठं पळून जातंय!